माशी दिसेनाशी झाली तेव्हा: जवळच्या पल्ल्याच्या हरीण-रायफलीसाठी साइट निवडतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर अमेरिकेतल्या एका दाट रानातलं आहे. तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करता येते. भारतात हरीण मारणं हा गुन्हा आहे, तेव्हा हे सगळं तिथलंच समजून वाचावं. माणसांची ओळख पटेल असं काही मी ठेवलेलं नाही; बाकी घडलं तसं लिहिलंय. नव्या शिकाऱ्यांच्या वर्गाला मी शिकवायला जातो, आणि या घरातल्या दोघांना नेमबाजीच्या मैदानावर बरीच वर्षं पाहत आलोय.

दोघं म्हणजे काका आणि त्यांची पुतणी. काका तेव्हा ५९ वर्षांचे होते, पुतणी २७ ची. रायफल एकच, आलटून पालटून दोघं वापरायचे. थर्टी-थर्टी नावाच्या काडतुसाची लिव्हर-ॲक्शन (चापाखालचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस चढवायची), २० इंची नळी, बाजूने काडतूस फेकणारी, वरून सपाट आणि बंद. हे काडतूस १८९५ पासून रानात आहे आणि दाट झाडीतल्या हरणासाठी आजही लोक विश्वासानं वापरतात. काका १७० ग्रेनची, म्हणजे साधारण ११ ग्रॅमची गोळी वापरायचे. ती नळीतून साधारण सेकंदाला २२०० फूट वेगानं निघते.

काकांची एक वही होती. त्यात प्रत्येक शिकारीचं अंतर लिहिलेलं. सगळ्यांत लांबचं हरीण ८० यार्डांवरचं, बाकीची ३० ते ६० यार्डांच्या आत. त्या रानात त्यापलीकडचं दिसतच नाही. रायफल १०० यार्डांवर शून्य केलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम तिथेच गोळी अशी जुळवलेली असेल, तर ही गोळी त्याच्या आतल्या कुठल्याही अंतरावर नजरेच्या रेषेपासून इंचाच्या वर-खाली जात नाही. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग ८ इंच रुंद तरी असतोच. म्हणजे गोळी किती खाली येते, वारा किती वाहतोय, या गोष्टी इथे बाजूलाच राहतात. उरतो तो फक्त नेम, आणि नेम धरायला डोळ्याला काय दिसतंय ते.

रायफलीवर कारखान्यातून आलेलीच साइट, म्हणजे नेम धरायचं साधन होतं. नळीवर मागे शिंगांसारखी वर वळलेली खाच, पुढे नळीच्या टोकाशी पितळी मण्याची माशी, म्हणजे खाचेत बसवून नेम धरायची खूण. काकांनी पंचवीस वर्षं हीच वापरली आणि त्यांना ती पुरेशी वाटत होती.

ती संध्याकाळ

हंगामाचा शेवटचा आठवडा होता. सूर्यास्त ४ वाजून ५० मिनिटांनी, आणि तिथल्या नियमाप्रमाणे त्यानंतर अर्धा तास, म्हणजे ५ वाजून २० मिनिटांपर्यंत गोळी झाडता येते. ५ वाजून ८ मिनिटांनी एक मादी काकांच्या मचाणासमोर आडवी आली. अंतर ४५ यार्ड, नंतर पावलांनी मोजलेलं. ती थांबली, मान खाली घातली. काकांनी खांद्यामागे नेम धरला, चाप ओढला. मादी जागच्या जागी कोसळली.

काकांनी रायफल खाली केली आणि श्वास सोडला. तेवढ्यात मादी पुढच्या पायांवर उठली, धडपडली आणि झाडीत शिरली. लिव्हर मारून दुसरं काडतूस वर घ्यायला लागतो तेवढाही वेळ त्यांना मिळाला नाही.

कोसळून पुन्हा उठणारं हरीण पाहिलं की अनुभवी माणसाच्या पोटात गोळा येतो. गोळी पाठीच्या वरच्या बाजूला, मणक्याच्या वरच्या काट्यांना घासून गेली, तर धक्क्यानं जनावर क्षणभर आडवं होतं आणि मग पळतं. जागेवर जे सापडलं ते हेच सांगत होतं: लांब, राठ, टोकाशी काळपट केसांचा झुपका. असे केस पाठीवर असतात. रक्त अगदी थोडं, एका पानावर चरबीचा पांढरट तुकडा. पुतणी टॉर्च घेऊन आली. दोघांनी गुडघ्यांवर बसून पान न् पान पाहत माग काढला. दीडशे यार्डांपुढे माग तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पाच तास फिरलो. मादी सापडली नाही.

वरवरची जखम होती, ती जगलीही असेल. पण जनावर जायबंदी करून सोडणं काकांच्या जिवाला लागलं. परत येताना ते एवढंच म्हणाले, “रायफल विकून टाकतो. झालं आता.”

पुतणी म्हणाली, “काका, विकायची तर विका. पण आधी मैदानावर चला. तीच रायफल मी मागच्या महिन्यात वापरलीये, ती असं करत नाही.”

चूक शोधताना

पुतणीचं हे वाक्य या प्रकरणातला पहिला चांगला निर्णय ठरलं. नाहीतर बहुतेक घरांत अशा वेळी थेट दुकान गाठलं जातं.

मैदानावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून ५० यार्डांवर आधी पुतणीनं तीन गोळ्या मारल्या. तिन्ही दीड इंचात. रायफल निर्दोष. मग काकांनी पाच मारल्या. त्या आडव्या फार पसरल्या नव्हत्या, पण वर-खाली पाच इंचांची उभी रांग लागली होती. अशी उभी रांग मी त्यांच्या कागदावर आधीच्या वर्षीही पाहिली होती, आणि तेव्हा त्यांना सांगितलं होतं, “श्वासाकडे लक्ष द्या.” ते माझं निदान चुकीचं होतं. उघड्या साइटवर उभी रांग लागली, तर आधी माशीच्या उंचीचा संशय घ्यायला हवा होता. तो मी घेतला नाही, याची मला आजही खंत आहे.

माशी खाचेत किती वर बसते, त्यावर गोळी किती वर जाते हे ठरतं. हिशेब सोपा आहे. त्यांच्या रायफलीवर खाच आणि माशी यांच्यात १६ इंच अंतर होतं. माशी खाचेत एक षोडशांश इंच, म्हणजे मण्याच्या स्वतःच्या जाडीइतकी वर राहिली, तर ४५ यार्डांवर गोळी सहा इंचांहून जास्त वर जाते. खांद्यामागे, छातीच्या मध्यावर धरलेला नेम सहा इंच वर गेला की कुठे पोहोचतो? बरोबर पाठीच्या कण्यावर, जिथले केस आम्हाला सापडले तिथे.

आणि माशी वर राहते ती अंधारातच. उजेड कमी झाला की खाचेच्या तळाशी बसलेला मणी दिसेनासा होतो. मग माणूस नकळत नळी जराशी उचलतो, मणी खाचेच्या वर येतो, दिसतो, आणि मन म्हणतं, “हं, आता बरोबर.” जवळच्या पल्ल्यावर, संधिप्रकाशात, उघड्या साइटनं वरून गेलेल्या गोळ्यांमागे बहुतेकदा हेच असतं. पितळी मण्याची आणखी एक खोड आहे. उजेड एका बाजूनं आला की मण्याची तीच बाजू चमकते, डोळा त्या चमकीलाच मणी समजतो आणि गोळी उलट्या बाजूला सरकते.

पुतणीला हे सगळं का होत नव्हतं? कारण डोळे. काकांना डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत दोन गोष्टी निघाल्या. एक, चाळिशीनंतर येणारा जवळचा धूसरपणा, जो या वयात पुरता मुरलेला असतो. दुसरी, उजव्या डोळ्यात बऱ्यापैकी ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे डोळ्याच्या वक्रतेतला असमानपणा. नेम धरताना डोळ्यापासून खाच २० इंचांवर, माशी ३६ इंचांवर आणि हरीण ४५ यार्डांवर असतं. तरुण डोळाही तिन्ही एकदम स्पष्ट पाहत नाही, पण भराभर मागे-पुढे जाऊ शकतो. काकांच्या डोळ्यात ती लवचिकता उरली नव्हती. त्यांची खाच म्हणजे धुक्यातली दरी होती. त्यातून चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वरून खाली बदलत जाणारे नंबर, त्यामुळे दस्त्यावर गाल टेकवला की नजर काचेच्या कुठल्या भागातून जाईल याचाही नेम नाही.

काका सगळं ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे गेली दोन-तीन वर्षं मी अंदाजानंच मारत होतो.”

पर्याय

इथे मी एकच अट घातली. काहीही विकत घेण्याआधी ते उसनं आणून संध्याकाळी तपासायचं. भर दुपारी मैदानावर सगळ्याच साइट चांगल्या दिसतात.

तपासणी अशी केली. रानाच्या कडेला, मागे मातीचा बांध असलेल्या जागी, हरणाच्या आकाराचा तपकिरी पुठ्ठा ५० यार्डांवर उभा केला. रायफल रिकामी, तिघांनी वेगवेगळी तपासलेली, काडतुसं गाडीत. सूर्यास्तापासून दर मिनिटाला नेम धरायचा आणि साइट व पुठ्ठ्याचा खांदा दोन्ही खात्रीनं दिसत नाहीत ती वेळ लिहायची. जुन्या खाचेवर काकांची वेळ ४ वाजून ५८ मिनिटं आली. पुतणीची ५ वाजून १०. म्हणजे त्या दिवशी ५ वाजून ८ मिनिटांनी झाडलेली गोळी नियमात बसत होती, पण काकांच्या डोळ्यांची वेळ दहा मिनिटं आधीच संपली होती.

पहिला पर्याय होता जुनी खाच तशीच ठेवून माशी बदलायची, चमकत्या फायबरची लावायची. कुणीतरी सुचवतंच हे. स्वस्त आहे, दिवसा उठून दिसते. पण काकांची अडचण माशीपेक्षा खाचेची होती. धूसर खाचेत झगझगीत मणी ठेवला तरी तो किती वर आहे हे कळत नाहीच. शिवाय फायबर आजूबाजूचाच उजेड गोळा करतं. उजेड गेला की तेही विझतं. हा पर्याय आम्ही लवकर सोडला.

दुसरा पर्याय रेड डॉट, म्हणजे काचेत चमकणारा लाल बिंदू दाखवणारी साइट. त्यावर सगळ्यांचीच भिस्त होती, माझीसुद्धा. जवळच्या पल्ल्याला यासारखं जलद काही नाही. दोन्ही डोळे उघडे, बिंदू हरणाच्याच अंतरावर दिसतो, खाच-माशी जुळवायची भानगड नाही, डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी ५० यार्डांवर फार फरक पडत नाही. ४ मिनिटांचा (हे मिनिट कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) बिंदू ५० यार्डांवर साधारण दोन इंच झाकतो. एका मित्राकडून उसना आणला, बसवला, काकांच्या हातात दिला. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, “बिंदू कुठाय? मला तर ठिपक्याला शेपूट फुटलेलं दिसतंय. स्वल्पविराम जसा.”

मित्राला वाटलं यंत्र बिघडलं. मी मोबाइल काचेमागे धरून फोटो काढला. फोटोत बिंदू गोल, नीट. दोष काकांच्या डोळ्यात होता. ॲस्टिग्मॅटिझम असलेल्या कित्येकांना असं दिसतं. प्रखरता कमी केली की शेपूट आखडतं, योग्य चष्म्यानं आणखी कमी होतं, पण काकांच्या बाबतीत पुरतं गेलं नाही. कुठल्या टोकानं नेम धरायचा हे दर वेळी ठरवावं लागत होतं. ज्याचा नेम शंकेमुळेच चुकला, त्याच्या हातात पुन्हा शंकाच द्यायची हे मला पटलं नाही. पुतणीला मात्र तोच रेड डॉट इतका आवडला की तो परत करायला तिनं आठवडा लावला.

तिसरा पर्याय पीप साइटचा, आणि माझं मन खरं तर इथे होतं. खाच नळीवर न ठेवता रायफलीच्या मागच्या भागावर, डोळ्याजवळ एक कडं बसवायचं आणि त्याच्या भोकातून फक्त माशीकडे पाहायचं. भोकाकडे पाहायचंच नाही. डोळा आपोआप माशी मध्यभागी आणतो, कारण उजेड तिथे सगळ्यांत जास्त असतो. लहान भोकातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही जास्त स्पष्ट दिसतं. डोळ्यापुढे बारीक छिद्राचा कागद धरून कुणीही अनुभव घ्यावा. शिवाय कडं आणि माशी यांतलं अंतर १६ इंचांवरून २४ इंचांवर गेलं, म्हणजे तेवढ्याच चुकीला गोळी दोन-तृतीयांशच हलते. हलकं, बॅटरी नको, काच नको, पावसाची भीती नको.

डॉक्टरांनी नेमबाजीसाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून दिला. लांबच्या नंबरात अर्धा डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचं माप) अधिक, म्हणजे नजर थोडी जवळ येऊन माशी जास्त स्पष्ट होते आणि हरीणही फार धूसर होत नाही. या चष्म्यानं आणि पीपनं काकांचे ५० यार्डांवरचे पाच गोळ्यांचे गट पाच इंचांवरून दोनवर आले. उभी रांग नाहीशी झाली. मी मैदानावर टाळ्या वाजवल्या.

मग संध्याकाळ झाली. बारीक भोकाची चकती लावून वेळ आली ५ वाजता. चकती काढून मोठं, पातळ कडं ठेवलं तर ५ वाजून ७ मिनिटं. जुन्या खाचेपेक्षा नऊ मिनिटं जास्त, पण ज्या क्षणी सगळं बिघडलं त्याच्याही एक मिनिट आधी. आणि काकांच्या वहीत निम्म्याहून जास्त हरणं संध्याकाळची.

चौथा पर्याय म्हणजे कमी ताकदीचा स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची दुर्बीण, १ ते ४ पट. काकांचा याला विरोध होता. “लिव्हर रायफलीवर दुर्बीण? हातात धरायची जागाच जाते.” हे खोटं नाही. ही रायफल माणूस जिथे तोल बसतो तिथे, मध्यावर धरून चालतो, आणि स्कोप नेमका तिथेच बसतो. वजन वाढतं. घोडा अंगठ्यानं ओढायला जागा उरत नाही, त्याला आडवा जोड लावावा लागतो. दस्त्याचा माथा उघड्या साइटच्या हिशेबानं खाली उतरलेला असतो, त्यामुळे स्कोपमधून पाहताना गाल हवेत राहतो.

पण काचेतून पाहिल्यावर काकांचा चेहरा बदलला. मागचं भिंग फिरवून आतली नेम धरायची रेघ त्यांच्या डोळ्याला जुळवता येते, आणि ती रेघ काचेवर कोरलेली असल्यामुळे तिला शेपूट फुटत नाही. हरीण आणि रेघ एकाच पातळीवर, दोन्ही स्पष्ट. उजेडाचंही गणित बसतं. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले ताकद, एवढा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. २४ मिलिमीटरचं भिंग ४ पटीवर ६ मिलिमीटर देतं, २ पटीवर १२. साठीच्या जवळच्या डोळ्याची बाहुली अंधारातही साधारण ५ मिलिमीटरच उघडते, म्हणजे डोळा घेऊ शकेल त्याहून जास्त उजेड हा लहानसा स्कोप देतो. मोठ्या, जड भिंगाची इथे गरजच नव्हती. संध्याकाळच्या तपासणीत २ पटीवर वेळ आली ५ वाजून १९ मिनिटं. नियमाच्या हद्दीच्या एक मिनिट आधी.

एक गोष्ट मात्र आधी कळली हे बरं झालं. पहिला उसना स्कोप बारीक रेघांचा होता, आणि त्या रेघा गडद झाडीत ५ वाजून ११ लाच हरवल्या. दुसऱ्यात बाहेर जाड दांड्या होत्या आणि मध्यावर बारीक फुली. जाड दांड्या शेवटपर्यंत दिसतात आणि फुली दिसली नाही तरी मध्य कळतो. आठ मिनिटांचा हा फरक निव्वळ रेघेच्या जाडीचा.

निर्णय आणि त्यातली गुंतागुंत

निर्णय स्कोपचा झाला. पण रायफल पुतणीचीही होती, आणि तिला स्कोप नको होता. मग एक जोडरचना ठरली: रायफलीवर अशी पट्टी बसवायची जिच्या मागच्या टोकाला पीपचं कडं आहे, आणि स्कोप खिटी वळवून झटकन निघणाऱ्या कड्यांत. कागदावर दोघांचंही समाधान. मीही मान डोलावली.

पट्टीचे स्क्रू बसवण्याआधी भोकांतलं तेल पुसून काढलं, स्क्रू पाना लावून पट्टी बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मापानंच आवळले. दस्त्यावर चामड्याची, आत फोम भरलेली उशी बांधली, म्हणजे काकांचा गाल टेकला आणि डोळा आपोआप स्कोपच्या मधोमध आला. इथेच गोची झाली. पीप स्कोपपेक्षा खूप खाली असतो. उशी बांधलेली असताना पुतणीचा डोळा पीपपर्यंत उतरेचना. “काका, तुमची उशी सोडल्याशिवाय मला काही दिसत नाही,” ती म्हणाली. म्हणजे रायफल बदलून घ्यायची तर स्कोप काढा, उशीचे बंद सोडा, आणि परत देताना सगळं पुन्हा बांधा. रानात थंडीनं बोटं आखडलेली असताना हे कुणी करत नाही. पुऱ्या हंगामात ती अदलाबदल एकदाही झाली नाही.

शून्य जुळवणं मात्र मनासारखं झालं. आधी २५ यार्डांवर कागद, मग ५०, मग १००. २५ यार्डांवर स्कोपच्या चकतीचा पाव मिनिटाचा एक टिचका (एक खटका) गोळीला जेमतेम एक षोडशांश इंच हलवतो, म्हणून एक इंच सरकवायला १६ टिचके लागतात. हे माहीत नसेल तर माणूस चार टिचके देतो, काहीच हललं नाही म्हणून वैतागतो. तीन गोळ्यांनंतर नळी थंड होऊ द्यायची. बंदुकीच्या पातळ नळीला खालून काडतुसांची नळी बांधलेली असते, त्यामुळे नळी तापली की गट सरकतो. शेवटी स्कोप काढून, पुन्हा लावून तीन गोळ्या मारल्या. अर्ध्या इंचाच्या आत परत आल्या.

पुढचे हंगाम

पुढच्या हंगामात नवव्या दिवशी सकाळी ३८ यार्डांवर एक नर आला. काकांनी स्कोप १ पटीवर ठेवला होता, झाडीत तसाच ठेवायचा. ४ पटीवर जवळचं हरीण सगळी काच भरून टाकतं आणि खांदा कुठला, पोट कुठलं हे शोधत बसावं लागतं. नेम धरल्यावर त्यांनी हळूच २ वर आणला, आणि तेव्हा त्यांना नराच्या खांद्यावरून आडवी गेलेली करंगळीएवढी फांदी दिसली. उघड्या साइटमधून ती कधीच दिसली नसती. जड, बोथट गोळी झाडोरा फोडून सरळ जाते, हा समज या काडतुसाला फार जुना चिकटलेला आहे, पण फांदी कुठल्याही गोळीला वळवते. काकांनी चाप ओढला नाही. नर निघून गेला. संध्याकाळी त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. मला त्या फोनचा आनंद कुठल्याही शिकारीपेक्षा जास्त झाला.

बाराव्या दिवशी ५२ यार्डांवर एक मादी, ५ वाजून ११ मिनिटांनी. गोळी झाडताच त्यांनी नजर न हटवता लिव्हर मारली, दुसरं काडतूस वर, डोळा पुन्हा काचेवर. ती गरज लागली नाही. गुलाबी, फेसाळ रक्त, म्हणजे फुप्फुस. साठ यार्डांवर ती पडलेली सापडली.

त्यापुढच्या वर्षी स्कोपनं एक संधी घालवलीही. भुरभुरत्या बर्फात झाकण उघडं राहिलं, काचेवर बर्फ साचला आणि रायफल वर उचलली तर समोर नुसतं पांढरं. पीप असता तर फुंकर मारून मोकळा झाला असता. काकांनी रायफल खाली ठेवली आणि हरीण जाऊ दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी, संध्याकाळची ती रिकाम्या रायफलीची तपासणी. तिला पैसे लागत नाहीत, दोन संध्याकाळ लागतात. ती आम्ही अपघातानंतर केली. ती आधी केली असती तर ती मादी त्या रानात धडधाकट फिरत असती.

दुसरं, डोळ्यांची तपासणी कागदावरच्या उभ्या रांगेनंतर लगेच व्हायला हवी होती. ती चूक माझी, वर लिहिलीच आहे. आता वर्गात पन्नाशीपुढचा कुणी उभी रांग घेऊन आला की मी श्वासाचं बोलण्याआधी चष्म्याचं विचारतो, आणि प्रोग्रेसिव्ह आहे का हेही.

जोडरचना मी आज सुचवणार नाही. दोन वेगळ्या डोळ्यांना, दोन वेगळ्या गालांना एकच दस्ता बसत नाही. पैसे घातलेच तर पुतणीसाठी वेगळी, साधी रायफल पाहायला हवी होती. पुढे तिनं तेच केलं आणि तिच्यावर मोठ्या कड्याचा पीप बसवला. तिच्या डोळ्यांना तो पुरतो. रेड डॉट तिला अजून खुणावतो.

काकांसाठी पीप लवकर बाजूला सारला का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारलाय. काका फक्त सकाळी आणि दुपारी बसले असते तर माझं उत्तर पीपच असतं. पण ते संध्याकाळचे शिकारी आहेत, मचाण पश्चिमेच्या उताराच्या सावलीत आहे, तिथे उजेड लवकर सरतो. साइट त्या जागेसाठी, त्या वेळेसाठी निवडली, अंतरासाठी नाही.

आता दर वर्षी हंगामाच्या आधीच्या आठवड्यात काका तो पुठ्ठा त्याच बांधापुढे उभा करतात, पुतणी घड्याळ धरते. यंदाची वेळ ५ वाजून १७ मिनिटं आली, पहिल्यापेक्षा दोन मिनिटं आधी. काकांनी ती वहीच्या पहिल्या पानावर लिहिली, खाली रेघ मारली आणि परवाना त्याच पानात ठेवला.